टोचून झाल्यावर सुईचे काय होते?

जैववैद्यकीय कचरा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शहरातले मोठे रुग्णालय येते. शाळेचा आणि या कचऱ्याचा काही संबंध असेल, असे सहसा कोणाला वाटत नाही. पण केंद्र सरकारने २०१६ साली केलेले जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम कोणाकोणाला लागू आहेत, याची यादी जरूर वाचावी. रुग्णालये, दवाखाने, प्रयोगशाळा आणि रक्तपेढ्या यांच्या जोडीला तिच्यात लसीकरण शिबिरे, रक्तदान शिबिरे आणि शाळांमधल्या प्रथमोपचाराच्या खोल्या यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम शाळाशाळांतून झाली, तेव्हा हा संबंध आपल्या दारापर्यंत आला होता. कनिष्ठ महाविद्यालयात रक्तगट तपासण्याचे प्रात्यक्षिक होते तेव्हाही तो येतो. बोटाला टोचलेली सुई, रक्ताचा डाग पडलेली काचपट्टी आणि बोट पुसलेला कापूस हा सगळा जैववैद्यकीय कचराच आहे.

तेव्हा अशी एक वापरलेली सुई, तिच्यासोबतची सिरिंज आणि कापसाचा बोळा यांचे पुढे काय होते, काय व्हायला हवे आणि त्यामागचे विज्ञान काय आहे, हे या लेखात पाहू.

सुईच एवढी धोक्याची का?

जंतू शरीराबाहेर बरेच असतात. आपल्या हातांवर, फळ्यावर, बाकांवर ते असतातच. पण धडधाकट त्वचा ही उत्तम भिंत आहे. सुई नेमकी ही भिंत ओलांडण्यासाठीच बनवलेली असते. दुसरे असे, की इंजेक्शनची सुई पोकळ असते. तिच्या बारीक नळीत केशाकर्षणाने रक्ताचा सूक्ष्म अंश अडकून राहतो. बाहेरून पुसली तरी तो निघत नाही. शिवणाची भरीव सुई टोचली तर जितके रक्त आत जाईल, त्याहून अधिक रक्त पोकळ सुईतून जाऊ शकते.

या अंशात काय असू शकते? कावीळ-ब चा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस तग धरतो. या रोगाची लागण झालेल्या माणसाला टोचलेली सुई लस न घेतलेल्या दुसऱ्या माणसाला टोचली, तर त्याला लागण होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते. कावीळ-क साठी ही शक्यता सुमारे २ टक्के, तर एचआयव्हीसाठी सुमारे ०.३ टक्के मानली जाते. भीती सर्वांत जास्त एचआयव्हीची वाटते. प्रत्यक्षात एका टोचणीमागचा धोका कावीळ-ब चा सर्वांत मोठा आहे. सुदैवाने तिच्यावर लस आहे आणि २०११ पासून ती देशभरातल्या बालकांच्या नियमित लसीकरणात आली आहे. पण त्याआधी जन्मलेल्या अनेकांना ती मिळालेली नाही. कचरा उचलणाऱ्या प्रौढ माणसांचा यातच समावेश होतो.

सुईचा धोका रुग्णालयातच संपत नाही, याचा मोठा धडा गुजरातमधल्या मोडासा येथे मिळाला. २००९ साली तेथे कावीळ-ब ची साथ आली, शेकडो लोकांना लागण झाली आणि अनेकजण दगावले. ही साथ पाण्यातून किंवा अन्नातून आलेली नव्हती. वापरलेल्या सुया-सिरिंजा पुन्हा वापरल्या गेल्या होत्या. सिरिंज धुतली की नव्यासारखी दिसते. त्यामुळे वापरलेली सिरिंज अखंड राहिली, तर ती कोठेतरी पुन्हा वापरली जाण्याची वाट उघडी राहते. म्हणून सिरिंज नुसती टाकून चालत नाही, ती निकामी करावी लागते.

पंधरा आणि पंच्याऐंशी

रुग्णालयातला सगळाच कचरा घातक असतो, असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार त्यातला सुमारे ८५ टक्के भाग आपल्या घरच्या कचऱ्यासारखाच असतो : कागद, खोकी, उरलेले अन्न, फळांच्या साली. सुमारे १० टक्के कचरा संसर्गजन्य असतो आणि राहिलेला सुमारे ५ टक्के रासायनिक किंवा किरणोत्सारी.

आता शंभर किलो कचऱ्याचा विचार करा. घातक पंधरा किलो पहिल्यापासून वेगळे ठेवले, तर पंधरा किलोवरच खर्चिक प्रक्रिया करावी लागेल. पण सगळे एकाच पिंपात टाकले, तर रक्ताळलेला कापूस कागदाला लागतो, सुया खोक्यात घुसतात, आणि शंभरच्या शंभर किलो घातक होऊन बसतात. तांदळात खडे मिसळले तर ते निवडता येतात. इथे निवडणाऱ्याच्या बोटालाच सुई टोचते. म्हणून मिसळलेला वैद्यकीय कचरा नंतर निवडत बसणे हा मार्गच नाही. वर्गीकरण कचरा निर्माण होतो त्याच जागी आणि त्याच क्षणी झाले पाहिजे. या विषयातला सर्वांत महत्त्वाचा नियम हाच, आणि तो पाळायला कोणतेही यंत्र लागत नाही.

चार रंग कशासाठी?

आपल्याकडे या कचऱ्याचे पहिले नियम १९९८ साली झाले. २०१६ च्या नियमांनी वर्गवारी सोपी करून चार रंगांवर आणली. हे रंग कचरा कोठून आला ते सांगत नाहीत. त्याचे पुढे काय करायचे ते सांगतात. हे एकदा लक्षात आले की पाठांतराची गरज उरत नाही.

पिवळा : जे जाळायचे ते. शस्त्रक्रियेत काढलेले शरीराचे भाग, रक्ताळलेला कापूस, पट्ट्या, प्लॅस्टर, मुदत संपलेली औषधे.

लाल : जे प्लॅस्टिक किंवा रबर वाफेने निर्जंतुक करून, तुकडे करून पुन्हा कारखान्यात पाठवायचे ते. सलाईनच्या नळ्या व बाटल्या, सुई काढलेल्या सिरिंजा, हातमोजे.

पांढरा अर्धपारदर्शक : जे टोचते किंवा कापते असे धातूचे सामान. सुया, शस्त्रक्रियेची पाती. यासाठी पिशवी नव्हे, तर ज्यातून सुई आरपार जाणार नाही असा कडक डबा लागतो.

निळा : काचेच्या बाटल्या, फुटलेल्या कुप्या, शरीरात बसवायचे धातूचे भाग.

म्हणजे आपली सुई पांढऱ्या डब्यात, सिरिंज लाल पिशवीत आणि कापसाचा बोळा पिवळ्या पिशवीत. अवघ्या दोन मिनिटांच्या कामातून तीन वेगळे प्रवास सुरू होतात. सुई आणि सिरिंज वेगळी करण्यासाठी लसीकरणात एक छोटे हातयंत्र वापरतात. ते सिरिंजचे तोंड सुईसकट कापते. सुई आत पडते आणि सिरिंजही कायमची निकामी होते. सुईला पुन्हा टोपण घालण्याचा प्रयत्न मात्र करू नये. एका हातात सुई आणि दुसऱ्या हाताच्या बोटांत इवलेसे टोपण, नेम थोडा चुकला की सुई बोटात जाते. सुई टोचण्याचे कितीतरी अपघात याच क्षणी होतात.

भरलेल्या पिशव्या आणि डबे बंद करून, त्यांवर खूण करून सामाईक प्रक्रिया केंद्राकडे जातात. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवू नये, असा नियम आहे. देशात अशी दोनशेहून अधिक केंद्रे आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माहितीनुसार २०२१ साली भारतात दररोज सुमारे ७०० टन जैववैद्यकीय कचरा निर्माण होत होता. ७५ किलोमीटरच्या आत सामाईक केंद्राची सोय असेल, तर रुग्णालयाने स्वतःचे वेगळे केंद्र उभारायचे नाही. जिथे असे केंद्र पोचतच नाही अशा दुर्गम भागात परवानगीने खोल खड्ड्यात पुरण्याची सोय आहे : सुमारे दोन मीटर खोल खड्डा, निम्मा भरला की वर चुना, आणि त्यावर माती.

वाफेचे काम

लाल पिशवी आणि पांढरा डबा यांची पुढची गाठ पडते ऑटोक्लेव्हशी. पाश्चरचा सहकारी चार्ल्स चेंबरलँड याने १८७९ साली हे यंत्र बनवले. आपल्या स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर हा त्याचाच धाकटा भाऊ. दोन्हींत वाफेचा दाब हवेपेक्षा दर चौरस इंचाला सुमारे १५ पौंड जास्त असतो आणि त्या दाबाखाली पाणी १०० ऐवजी १२१ अंश सेल्सिअसला उकळते.

मग नुसती गरम हवा का वापरत नाहीत? वापरतात, पण तिला १६० अंश तापमान आणि दोन तास लागतात. कारण उष्णता पोचवण्यात वाफ हवेपेक्षा फार सरस आहे. एक ग्रॅम हवा १२१ वरून १०० अंशांपर्यंत थंड झाली, तर सुमारे ५ कॅलरी उष्णता देते. एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना ५४० कॅलरी मिळतात. शिवाय ओलाव्यात प्रथिने लवकर गोठतात आणि प्रथिने गोठली की जंतूचा कारभारच थांबतो.

यातूनच एक व्यवहाराची गोष्ट निघते. पिशवी ठासून भरली, तिच्यात हवा कोंडून राहिली, तर वाफ आत शिरतच नाही. बाहेरचा तापमापक १२१ दाखवतो, पिशवीच्या पोटात मात्र जंतू सुखरूप असतात. म्हणून आधी हवा काढून टाकणे महत्त्वाचे.

जंतू मेले हे कसे ओळखायचे? मुद्दाम सर्वांत चिवट साक्षीदार आत ठेवतात. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाच्या जिवाणूचे बीजाणू उष्णतेला कमालीचे दाद न देणारे आहेत. १२१ अंशांच्या वाफेत त्यांची संख्या एक-दशांश व्हायला सुमारे दोन मिनिटे लागतात. दहा लाख बीजाणू घेतले, तर दोन मिनिटांनी एक लाख, चार मिनिटांनी दहा हजार, आणि याच गतीने बारा मिनिटांनी एक उरेल. चोवीस मिनिटांनी? एक दशलक्षांश. अर्थात एका बीजाणूचा तुकडा उरत नाही. अशा दहा लाख पिशव्यांपैकी एखाद्या पिशवीत एक बीजाणू जिवंत राहील, असा त्याचा अर्थ. साध्या ऑटोक्लेव्हसाठी नियम १२१ अंशांना निदान ६० मिनिटे सांगतो. पिशवीच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचायला लागणारा वेळ आणि सुरक्षिततेसाठी जादा वेळ, दोन्ही त्यात धरलेले आहेत. ठरावीक काळाने बीजाणूंची पट्टी आत ठेवून, नंतर तिच्यावर वाढ होते का, हे पाहतात. वाढ झाली नाही, तर यंत्र नीट चालले आहे.

निर्जंतुक झालेल्या सिरिंजा आणि नळ्या मग यंत्राने फाडून त्यांचे तुकडे करतात. हे करताना मोडासाची आठवण ठेवायची. तुकड्यांतून पुन्हा सिरिंज जोडता येत नाही.

काय जाळावे, काय जाळू नये

जाळून टाकले की संपले, असे आपल्याला वाटते. एके काळी उपायही तोच समजला जाई. १ मार्च १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या कचऱ्याच्या प्रकरणात पन्नास खाटांवरील रुग्णालयांना इन्सिनरेटर, म्हणजे कचरा जाळण्याची भट्टी, किंवा तितकाच परिणामकारक दुसरा उपाय योजायला सांगितले होते. उघड्यावर फेकण्यापेक्षा हे बरेच होते. पण कोणते पदार्थ जळतात आणि जळताना त्यांचे काय होते, हा रसायनशास्त्राचा प्रश्न पुढे उभा राहिला.

सलाईनच्या पुष्कळ नळ्या आणि रक्ताच्या पिशव्या पीव्हीसीच्या असतात. पीव्हीसीच्या साखळीतल्या प्रत्येक दुव्यात दोन कार्बन, तीन हायड्रोजन आणि एक क्लोरीन अणू असतो. अणुभार घेऊन हिशोब केला तर २४ + ३ + ३५.५ = ६२.५, म्हणजे वजनाने सुमारे ५७ टक्के क्लोरीन! हे जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ तयार होते. त्याहून वाईट म्हणजे, धूर सुमारे २०० ते ४५० अंशांच्या दरम्यान रेंगाळला तर त्यातल्या कार्बन आणि क्लोरीनपासून डायॉक्सिन व फ्युरान ही संयुगे बनतात. ती सहज विघटित होत नाहीत, चरबीत साठतात, गवतातून गाईच्या दुधात आणि तेथून आपल्यात येतात. त्यातले काही कर्करोगकारक आहे. अशा चिवट विषांना आळा घालणारा स्टॉकहोम करार २००१ साली झाला आणि भारताने त्याला २००६ साली मान्यता दिली.

म्हणून क्लोरीन असलेले प्लॅस्टिक भट्टीत घालायला बंदी आहे. भट्टीलाही दोन कप्पे असतात. पहिल्यात निदान ८०० अंशांना कचरा जळतो. त्यातून निघालेला धूर दुसऱ्या कप्प्यात सुमारे १०५० अंशांना निदान दोन सेकंद राहिला पाहिजे, म्हणजे अर्धवट जळलेली संयुगे मोडतात. नंतर धूर झपाट्याने थंड करतात, कारण धोक्याच्या त्या मधल्या तापमानात त्याला रेंगाळू द्यायचे नसते. डायॉक्सिनांची मर्यादा एका घनमीटर धुरात ०.१ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांशाचाही दहावा हिस्सा, इतकी कडक ठेवली आहे.

आता दवाखान्याच्या मागे कचरा गोळा करून लावलेल्या आगीचा विचार करा. तिचे तापमान ठिकठिकाणी वेगळे, हवा अपुरी, धूर जमिनीलगत. म्हणजे डायॉक्सिन तयार व्हायला हवी ती सगळी अनुकूलता तिथे हजर असते. आणि सुया? त्या जळतच नाहीत. राखेत त्या तशाच टोकदार राहतात. एखाद्या सिरिंजसाठी लाल पिशवी हाताशी नाही म्हणून ती पिवळीत टाकली, तर त्या एका चुकीचा शेवट भट्टीच्या धुराड्यातून होतो, तो असा.

कचऱ्याच्या टोकाला कोण उभे असते?

या साखळीत सर्वांत कमी माहिती आणि सर्वांत जास्त धोका ज्याच्या वाट्याला येतो, तो माणूस म्हणजे कचरा वेचणारा. डॉक्टरला सुई टोचली तर ती कोणत्या रुग्णाची होती, हे कळते आणि उपचार लगेच सुरू होतात. कचरावेचक बाईला टोचली तर सुई कोणाची, केव्हाची, काहीच ठाऊक नसते. दिवस बुडवून ती दवाखान्यात जाईलच, असेही नाही.

हा कचरा आता रुग्णालयातूनच येतो असे नाही. घरोघरी मधुमेहाचे रुग्ण इन्सुलिन टोचून घेतात, साखर तपासायला बोटाला सुई टोचतात. २०१६ सालच्या घनकचरा नियमांनी घरातल्या अशा सुया आणि मुदत संपलेली औषधे यांची गणना घरगुती घातक कचऱ्यात केली. घरी पाळण्याजोग्या गोष्टी अगदी सोप्या आहेत. जाड प्लॅस्टिकची, फिरकीच्या झाकणाची रिकामी बाटली घ्यावी, तिच्यावर ‘सुया’ असे ठळक लिहावे, आणि सुई वापरताच तिच्यात टाकावी. बाटली पाऊण भरली की झाकण घट्ट लावून ती वेगळी द्यावी. जवळचा दवाखाना किंवा प्रयोगशाळा ती घेते का, हे विचारून ठेवावे. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा. पुण्यातल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने सुचवलेली ही खूण आहे. पाकीट न उघडता आत काय आहे ते कळते, एवढीच त्यामागची साधी कल्पना. जुनी औषधे संडासात किंवा मोरीत ओतू नयेत. सांडपाण्यात गेलेली प्रतिजैविके तिथल्या जिवाणूंना औषधाला दाद न देण्याची सवय लावतात.

शाळेपुरते बोलायचे तर चार गोष्टी पुरेत. रक्तगटाच्या प्रात्यक्षिकात प्रत्येक विद्यार्थ्याला नवी सुई, आणि टाकायला कडक डबा. शिबिराच्या दिवशी आलेल्या पथकाने आपला सर्व कचरा परत नेला आहे ना, हे मुलांना मैदानावर सोडण्यापूर्वी पाहणे. रिकामी सिरिंज ही पिचकारी नव्हे, हे लहान वर्गांना आवर्जून सांगणे. आणि पाऱ्याचा तापमापक फुटला तर केरसुणीने न झाडता, खिडक्या उघडून, कडक कागदाने गोळ्या एकत्र करून पाणी असलेल्या बाटलीत बंद करणे. हा पारा जैव कचऱ्यातही टाकायचा नाही आणि जाळायचा तर मुळीच नाही.

इतके करूनही कोणाला सुई टोचलीच तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. दाबून रक्त काढू नये, बोट तोंडात घालू नये. ताबडतोब सरकारी रुग्णालय गाठावे. एचआयव्हीविरुद्धची प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत, आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. ती २८ दिवस घ्यायची असतात. घाबरून गोष्ट लपवणे हे सर्वांत घातक. म्हणून ‘असे झाले तर लगेच सांगा, कोणी रागावणार नाही’ हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

वर्गात करून पाहा

१. एका डब्यात पांढरे वाटाणे १७ आणि ओल्या गुलालात घोळलेले वाटाणे ३ टाका. हे प्रमाण ८५ आणि १५ चेच आहे. झाकण लावून एक मिनिट हलवा. आता डाग नसलेले किती उरले ते मोजा. मग हेच दोन वेगळ्या डब्यांत ठेवून हलवा.

२. नळकामाच्या दुकानातला पीव्हीसी पाइपचा नवा तुकडा आणि पाण्याच्या बाटलीचे झाकण पाण्यात टाका. पीव्हीसी बुडतो, झाकण तरंगते. सिरिंजची नळी ज्या पॉलिप्रॉपिलिनची असते, तेही असेच तरंगते. बाटली ज्या प्लॅस्टिकची असते तेही बुडते. तेव्हा ‘बुडाले म्हणजे पीव्हीसीच’ असे म्हणता येईल का, यावर मुलांना बोलू द्या. या प्रयोगासाठी वापरलेले वैद्यकीय सामान कधीही घेऊ नये.

३. बीजाणूंच्या संख्येचा वेळेनुसार आलेख साध्या कागदावर काढा. मग संख्येऐवजी तिच्यातली शून्ये मोजून काढा. वक्र रेषा सरळ का झाली, हे वरच्या वर्गातली मुले शोधू शकतील.

आणि पुढच्या वेळी शाळेत लसीकरणाचे पथक येईल तेव्हा मुलांनाच विचारू द्या, ‘पांढरा डबा कुठे आहे?’ डबा टेबलावर, हाताच्या अंतरावर असेल, तर पुढचा सारा प्रवास सुरक्षित होण्याची शक्यता बरीच वाढते. तो पेटीत बंद असेल, तर तो बाहेर काढून घेऊन मगच पहिल्या मुलाला पुढे पाठवावे.